श्रवणसाधक कुमार गंधर्व

गाणे शिकावे ते गुरूच्या समोर बसून, अशी आपल्याकडील जुनी रीत. गुरूने एक ओळ म्हणावी, शिष्याने ती उचलावी, चुकली तर पुन्हा म्हणावी. अशा तालमीत दहा-दहा, बारा-बारा वर्षे जात. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी एक नवेच यंत्र हिंदुस्थानात आले आणि गुरूचा उंबरठा न ओलांडताही मोठ्या गवयाचे गाणे ऐकण्याची सोय झाली. हे यंत्र म्हणजे ग्रामोफोन. त्याच्या तबकड्या ऐकून एक बालक गाऊ लागले. पुढे त्याच बालकाने आपल्या संगीताला स्वतःची अशी नवी वाट दाखविली. हे बालक म्हणजे कुमार गंधर्व.

त्यांचे मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी. ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी या गावी त्यांचा जन्म झाला. घरची भाषा कानडी. वडील सिद्धरामय्या हे स्वतः गाणारे होते, त्यामुळे घरात सूर नांदत होता. तथापि या मुलाला कोणी पाटावर बसवून सा-रे-ग-म शिकविल्याचे दिसत नाही. तो खेळे, हुंदडे, इतर मुलांसारखा दिवसभर उनाडे. आणि एके दिवशी घरच्यांच्या ध्यानात आले, की पोर गाते आहे, आणि तेही बालगीत नव्हे, तर नाणावलेल्या गवयाची चीज, ताना-आलापांसह! हे गाणे त्याने ऐकले होते ते बैठकीत आणि तबकड्यांतून.

त्या काळच्या तबकड्या म्हणजे काय, हे आज नीट समजावून घेतले पाहिजे. आपल्या देशात ध्वनिमुद्रणास प्रारंभ झाला तो १९०२ च्या नोव्हेंबरात, कलकत्त्यास. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग हा तंत्रज्ञ आपली सामग्री घेऊन तेथे आला आणि गौहरजान या प्रसिद्ध गायिकेने त्याच्या कर्ण्यासमोर गायिले. गाणे संपताच ती इंग्रजीत स्वतःचे नाव उच्चारी, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे छापून यावयाच्या आणि कोणती तबकडी कोणाची हे तेथील कारागिरांस कळावे कसे? १९०८ मध्ये कलकत्त्यासच कारखाना निघाला आणि तबकड्यांचा प्रसार वाढला. लाखेच्या मिश्रणाची ती काळी, जड, ठिसूळ तबकडी मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे घेई. यंत्रास चावी द्यावी लागे, सुई वरचेवर बदलावी लागे आणि तीन-साडेतीन मिनिटांत एक बाजू संपून जाई.

जो ख्याल बैठकीत तास दीड तास रंगावयाचा, तो तीन मिनिटांत कसा मावावा? गवयांपुढे हा मोठाच पेच होता. कित्येकांनी या यंत्रापासून दूर राहणेच पसंत केले. उस्ताद अल्लादियाखाँ आणि भास्करबुवा बखले या दोघा थोर गायकांचा आवाज म्हणूनच आज आपणांस ऐकता येत नाही. ज्यांनी मुद्रण करू दिले, त्यांना रागाचा सारा अर्क तीन मिनिटांत काढावा लागला. आलाप आटोपशीर, चीज लगेच हाती, ताना मोजक्या पण नेमक्या. अब्दुल करीमखाँसाहेबांच्या तबकड्या ऐकल्या म्हणजे थोडक्या अवकाशात राग कसा उभा राहतो, हे ध्यानात येते. ही अडचण ऐकणाऱ्याच्या मात्र पथ्यावर पडली. बैठकीतील तान एकदा आली की गेली. तबकडीवरील तान दहा वेळा, शंभर वेळा, जशीच्या तशी ऐकता येई.

शिवाय मोठमोठ्या गवयांचे जलसे होत ते मुंबई, पुणे, मिरज, बडोदे अशा ठिकाणी. लहान गावांच्या वाट्यास ते क्वचितच येत. मुंबईहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, खानदेशात, पाचोरा हे स्थानक आहे. तेथून जामनेरकडे अरुंद रुळांची छोटी गाडी जात असे. अशा गावी एखाद्या दुकानात किंवा हौशी गृहस्थाच्या ओटीवर फोनो वाजू लागला म्हणजे ज्यांनी उभ्या जन्मात मैफल पाहिली नाही, अशांच्या कानी थोर गवयांचे स्वर पडत. सुळेभावी हेही असेच लहान गाव. तेथील पोराच्या कानी जे पडले ते त्याने पक्के धरून ठेवले, एवढाच काय तो फरक.

परंतु तो फरक लहान नव्हे. शिवपुत्र तबकडीवरील गाणे केवळ चालीपुरते उचलीत नसे. गवयाचा श्वास, त्याची लकब, स्वर लावण्याची ढब, तान कोठे सुरू होते व कोठे विसावते, हे सर्व तो हुबेहूब पुन्हा उभे करी. एक तबकडी झाली, की दुसऱ्या गवयाची दुसरी. आणि प्रत्येक वेळी आवाजाची जातच बदलल्यासारखी वाटे. लोक थक्क होत. एका लिंगायत मठाच्या स्वामींनी त्याचे गाणे ऐकून त्याला कुमार गंधर्व ही पदवी दिली आणि पुढे तेच त्याचे नाव झाले. वडिलांनी त्याला घेऊन गावोगाव जलसे करण्यास आरंभ केला. नऊ-दहा वर्षांचा मुलगा, समोर हजारोंचा समुदाय, आणि त्याच्या मुखातून एकामागून एक थोर गवयांचे गाणे! १९३५ च्या सुमारास मुंबईच्या जिना हॉलमधील संगीत परिषदेत तो गायिला, तेव्हा जाणत्या गवयांनीही त्याचे कौतुक केले.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. हे यश जितके मोठे, तितकेच ते धोक्याचेही होते. बालवयात अशी वाहवा मिळालेली मुले थोडी नव्हती; आवाज फुटताच त्यांचे नाव कोणी घेईनासे होई. अनुकरण कितीही हुबेहूब असले, तरी त्यात स्वतःचे असे काय असते? आरशात सूर्य दिसतो, म्हणून आरसा काही सूर्य होत नाही. या मुलाचा आरसा व्हायचा की काय, हाच खरा प्रश्न होता आणि सुदैवाने तो ओळखणारा गुरू त्याला भेटला.

ते गुरू म्हणजे प्रा. बा. र. देवधर. पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांचे ते शिष्य. मुंबईत ऑपेरा हाउससमोर त्यांचे संगीत विद्यालय होते. देवधरांसारखा रसिक संगीतकार विरळा. ते स्वतः गात आणि शिकवीत, पण कोणत्याही एका घराण्याचे कुंपण त्यांनी आपल्याभोवती घालून घेतले नव्हते. त्यांनी पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास केला होता. आवाजाची जोपासना कशी करावी, हा त्यांच्या चिंतनाचा खास विषय होता. मुंबईस आलेला उत्तम गवई त्यांच्या विद्यालयात यावयाचाच. त्याचे गाणे व्हावे, त्याच्याकडून चिजा मिळवाव्यात, त्याच्या आठवणी टिपून ठेवाव्यात, असा त्यांचा क्रम असे. या टिपणांतूनच पुढे त्यांचे गवयांच्या चरित्रांचे लेखन सिद्ध झाले. ‘संगीत कला विहार’ या मासिकाचे संपादनही त्यांनी केले, आणि शिकणाऱ्यांसाठी ‘रागबोध’ या नावाची पुस्तके लिहिली. गवई म्हटला की पुस्तकाशी त्याचे वाकडे, अशी समजूत ज्या काळी होती, त्या काळी हा गवई लेखणी हाती घेऊन बसत असे.

१९३६ मध्ये कुमार या गुरूच्या घरी राहावयास आला. वय बाराच्या आसपास. देवधरांनी त्याच्यापुढे सर्व घराण्यांची दारे उघडी ठेवली. जो मुलगा पूर्वी ऐके तो केवळ ऐकल्याप्रमाणे करून दाखविण्यासाठी, तो आता प्रश्न विचारू लागला. अमुक गवई गांधार असा का लावतो? तीच चीज दुसऱ्याच्या मुखातून निराळी का वाटते? रागाचे नियम पाळूनही एकाचे गाणे कोरडे आणि दुसऱ्याचे रसाळ का होते? विख्यात गायिका अंजनीबाई मालपेकर यांच्याकडेही त्याने काही काळ तालीम घेतली. दहा-अकरा वर्षे असा अभ्यास चालला. पुढे कुमार त्याच विद्यालयात शिकवूही लागले.

याच काळात संगीताची पुस्तकेही विद्यार्थ्यांच्या हाती आली होती. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी देशभर हिंडून, उस्तादांच्या विनवण्या करून, शेकडो चिजा मिळविल्या आणि स्वरलिपीसह ‘क्रमिक पुस्तक मालिका’ या ग्रंथाच्या सहा भागांत छापल्या. पलुसकरांनीही आपली स्वतंत्र स्वरलिपी सिद्ध करून पुस्तके काढली होती. पूर्वी जी चीज मिळविण्यासाठी शागिर्दाला वर्षानुवर्षे उस्तादाचे पाय चेपावे लागत, ती आता पुस्तकात सापडू लागली. परंतु स्वरलिपी म्हणजे चिजेचा सांगाडा. स्वरावर किती ठेपावे, दोन स्वरांमधील वाट कशी चालावी, शब्द कोठे हलका सोडावा, हे कागदावर पुरतेपणी उतरत नाही. तबकडी ऐकवते पण समजावून सांगत नाही. पुस्तक सांगते पण ऐकवीत नाही. दोहोंमधली जागा गाणाऱ्यालाच भरून काढावी लागते. कुमारांचे पुढील सारे आयुष्य या जागेवरच गेले असे म्हणता येईल.

१९४७ मध्ये त्यांचा विवाह झाला. पत्नी भानुमती या देवधरांच्या विद्यालयातीलच विद्यार्थिनी, सुशिक्षित व करारी. पण संसार मांडतो न मांडतो तोच कुमारांना क्षयाने गाठले. गवयाला क्षय! ज्या फुप्फुसांच्या बळावर सारे गाणे उभे, त्यांनाच कीड लागली. त्या काळी या रोगाचे नाव ऐकताच माणसे धीर सोडीत. कोरडी हवा मानवेल म्हणून १९४८ च्या जानेवारीत ते माळव्यातील देवास या गावी राहावयास गेले. वैद्यांनी गाण्यास सक्त मनाई केली. वय अवघे चोवीस, कीर्ती देशभर पसरलेली. आणि गाणे तर राहोच, मोठ्याने बोलणेही वर्ज्य.

ही वर्षे भानुमतींनी कशी काढली असतील! त्यांनी देवास येथे शिक्षिकेची नोकरी धरली, पतीची शुश्रूषा केली आणि घर चालविले. त्यांच्याविषयी फारसे लिहिले जात नाही. पण त्या नसत्या तर पुढचे कुमार गंधर्व आपणांस लाभले नसते, हे निश्चित.

बिछान्यावर पडून असलेल्या कुमारांना एकच गोष्ट करता येण्यासारखी होती, ती म्हणजे ऐकणे. जे लहानपणी त्यांनी खेळता खेळता केले, तेच आता निरुपायाने करावे लागले. पण किती निराळ्या रीतीने! पूर्वी ऐकले की लगेच गाऊन दाखविता येत असे. आता ऐकलेले गळ्यावाटे बाहेर पडण्यास वाव नव्हता. ते आतच राही, मुरे आणि मनात घोळत राही. खिडकीबाहेरून माळव्याच्या बायकांची गाणी ऐकू येत: लग्नाची, सणांची, पावसाळ्याची, पाळण्याची. निर्गुणी भजने गाणारे भिक्षेकरी व जोगी दारावरून जात. देवास हे गावही काही संगीताला पारखे नव्हते. उस्ताद रजबअली खाँ यांच्यासारखा नामांकित गवई तेथलाच. परंतु कुमारांचे चित्त वेधून घेतले ते दारावरून जाणाऱ्या या साध्या गाण्यांनी.

या लोकगीतांत तीन-चार किंवा फार तर पाच स्वर असत. शिकलेला गवई त्यांकडे वळूनही पाहणार नाही. कुमार मात्र त्यांची स्वरलिपी करू लागले. करता करता त्यांना दिसले, की या लहानशा धुनांत रागाची बीजे आहेत. शास्त्रातील राग प्रथम झाले आणि लोकगीते त्यांतून गळून पडली असे नव्हे. लोकांच्या धुना आधी, राग मागाहून. हा विचार सर्वस्वी नवा नसेल, पण तो गाऊन सिद्ध करून दाखविणारा गवई दुसरा नव्हता. एखाद्या धुनेतील स्वरांचे नाते हेरून, तिचा विस्तार करून, त्यांनी काही नवे राग बांधले. त्यांना त्यांनी धुनउगम राग असे नाव दिले. मालवती, लगनगंधार, संजारी, अहिमोहिनी, सहेली तोडी ही त्यांपैकी काही नावे. पुढे गांधीजींना स्वरांजली म्हणून त्यांनी गांधी मल्हारही रचला.

क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन हे औषध १९४३ मध्ये अमेरिकेत सापडले होते. ते व तशी नवी औषधे आता हिंदुस्थानात मिळू लागली होती. त्यांचा गुण येऊन कुमार हळूहळू बरे झाले. मात्र एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले ते झालेच. पाच-सहा वर्षांच्या मौनानंतर, १९५३ च्या सुमारास, ते पुन्हा लोकांपुढे गाऊ लागले. पूर्वीची लांबच लांब ताना घेणारी दमछाक आता शरीराला झेपणारी नव्हती. दुसरा एखादा गवई जुन्या वैभवाच्या आठवणी काढीत बसला असता. कुमारांनी गाण्याची घडणच बदलली. लहान लहान स्वरवाक्ये, मधे अचानक उसळून येणारा टिपेचा स्वर, मग तितकाच अलगद उतरणारा, जवळजवळ ऐकू येईनासा होणारा स्वर, आणि या दोहोंच्या मधे शांतता. ही शांतताही गाण्यात मोडे. तंबोरे लावण्यास ते किती वेळ घेत, याच्या गोष्टी गवयांत अजून सांगतात. दोन तंबोरे असे जुळवावयाचे, की तारांतून उमटणारे सूक्ष्म स्वरही एकमेकांत मिसळून जावेत. मग त्या स्वरांच्या भरीव पटावर गवयाने हलकेच स्वर टेकवावा. फुप्फुसांची शक्ती उणी पडली, ती उणीव कानाने अशी भरून काढली.

आणि आता ती कहाणी, जिच्यामुळे कुमारांच्या बालपणीच्या तबकड्या पुन्हा आठवतात. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, यांचा जन्म १८८८ चा. खानदेशाला त्यांच्याविषयी विशेष आपुलकी वाटावी, कारण त्यांच्या बालपणाचा काही काळ जळगावास आप्तांच्या घरी गेला आणि तेथेच मेहबूबखाँ यांच्याकडे त्यांनी गाण्याचे पहिले धडे गिरविले. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले आणि १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. १९११ चे ‘मानापमान’, १९१६ चे ‘स्वयंवर’, अशा नाटकांतील त्यांच्या पदांनी महाराष्ट्र वेडा झाला. ‘स्वयंवर’च्या पदांना भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या होत्या, ते बालगंधर्वांचे गुरूही. बोलपट आले, नाटक कंपन्या बसल्या आणि बालगंधर्वांचा काळ मागे पडला. राहिल्या त्या तबकड्या. घरोघरी त्या झिजेपर्यंत वाजविल्या गेल्या.

‘मानापमान’ आणि ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आली तेव्हा कुमार जन्मलेही नव्हते. बालगंधर्वांचा ऐन बहराचा काळ त्यांना अभ्यासावयाचा तो मुख्यतः तबकड्यांवरूनच. सर्वसाधारण श्रोता त्या तबकड्या आठवणींसाठी ऐके. त्याला नटाचा शालू, त्याचे लाघव, थिएटरातील अत्तराचा वास आठवे. ज्या गायकांना बालगंधर्वांचा मोह पडला, त्यांपैकी बहुतेकांनी त्यांची नक्कल केली. कुमारांनी तिसराच मार्ग धरला. त्यांनी विचारले, की या गाण्यात नेमके काय आहे? शब्द तुटत नाही आणि स्वरही तुटत नाही, हे साधते कसे? तालाच्या मात्रांवर न आपटता लयीच्या अंगाअंगाने हे गाणे कसे चालते? नाटकाचे पद असूनही त्यातला राग इतका शुद्ध आणि तरी इतका सहज का वाटतो?

या अभ्यासाचे फळ म्हणजे ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा त्यांचा कार्यक्रम. १९६५ च्या आसपास तो लोकांपुढे आला आणि पुढे त्याची ध्वनिमुद्रिकाही निघाली. कार्यक्रमाच्या नावातील ‘उमजलेले’ हा शब्द विचारपूर्वक निवडलेला आहे. ज्या मुलाने आठव्या-नवव्या वर्षी कोणत्याही गवयाची हुबेहूब नक्कल करून हजारोंना थक्क केले, तोच आता चाळिशी ओलांडल्यावर, ज्यांची नक्कल करण्याचा मोह साऱ्या महाराष्ट्राला होता, त्यांची नक्कल करण्याचे कटाक्षाने टाळीत होता. आवाज कुमारांचा, ढब कुमारांची. पण पदाचा आतला डौल, शब्द उच्चारण्यातील आर्जव आणि लयीशी असलेले ते लडिवाळ नाते बालगंधर्वांचे. सर्वांनाच हे रुचले असे नाही. जुन्या भक्तांना हवे होते ते मूळ गाणे, आणि ते तर तबकडीवर होतेच! मूळ असता पुन्हा तेच करण्यात काय अर्थ, हा प्रश्न त्यांच्या ध्यानी येत नसे. बालगंधर्व तेव्हा हयात होते. १५ जुलै १९६७ रोजी ते निवर्तले. एका हयात कलावंताविषयी दुसऱ्या थोर कलावंताने गाऊनच आपला अभिप्राय द्यावा, असे आपल्याकडे क्वचितच घडले आहे. टीकाकार लेख लिहितो. कुमारांनी लेखाऐवजी मैफल केली.

त्याच १९६५ साली त्यांचा ‘अनुपरागविलास’ हा ग्रंथ मौज प्रकाशनाने प्रसिद्ध केला. त्यात त्यांच्या स्वतःच्या बंदिशी स्वरलिपीसह दिल्या आहेत. परंपरेतील रागांच्याही आणि धुनउगम रागांच्याही. देवधर गुरुजींच्या घरी पुस्तकांचा जो आदर त्यांनी पाहिला होता, तो येथे फळास आला. या बंदिशींपैकी पुष्कळशा माळव्याच्या बोलीत आहेत. गवयाच्या चिजांत जे ठरावीक विषय पिढ्यान्पिढ्या चालत आले होते, त्यांच्या जोडीला येथे ऋतू आले, गावातील वाटा आल्या, दारातले बोलणे आले. एखाद्या विद्यार्थ्याने हा ग्रंथ उघडावा आणि कुमारांची तबकडी लावावी, म्हणजे छापलेली बंदिश व गायिलेली बंदिश यांत किती अंतर असते ते त्याला दिसेल.

पुढल्या काळात कुमारांनी एकेक विषय घेऊन मैफली रचल्या. वर्षा ऋतूची गाणी, हेमंताची, वसंताची, ‘त्रिवेणी’ या नावाने कबीर, सूरदास व मीरा यांची पदे, माळव्याच्या लोकधुना, तुलसीदास, तुकाराम, आणि ज्यांचे शिक्षण देवासलाच झाले त्या कवी भा. रा. तांबे यांची गीते. प्रत्येकाच्या मागे ऐकणे आणि वाचणे आले. कबीराची निर्गुणी भजने त्यांनी नाथपंथी जोग्यांकडून ऐकली होती. ती गाताना त्यांनी त्यांना बैठकीचा साज चढविला नाही, की भजनी मंडळाचा थाटही ठेवला नाही. तो एकाकी, थेट, आकाशात फेकल्यासारखा स्वर ऐकताना आजही अंगावर काटा येतो.

१९६१ मध्ये भानुमतींचा मृत्यू झाला. पुढे १९६२ मध्ये कुमारांनी वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी विवाह केला. याही देवधरांच्या परंपरेतील गायिका. पुष्कळ मैफलींत त्या कुमारांच्या मागे तंबोऱ्यावर व गाण्यात साथ करीत. पुत्र मुकुल आणि कन्या कलापिनी यांनी गायनाचाच मार्ग धरला. देवासच्या टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या घराला ‘भानुकुल’ असे नाव होते. मुंबई-पुण्याहून, दूरदूरच्या प्रांतांतून शिष्य, लेखक, चित्रकार तेथे येत. कुमार मात्र बरे झाल्यावरही मुंबईस परतले नाहीत. आजारपणात ज्या गावाने आसरा दिला, तेथेच ते अखेरपर्यंत राहिले.

सरकारने त्यांना १९७७ मध्ये पद्मभूषण आणि १९९० मध्ये पद्मविभूषण हे किताब दिले. एव्हाना लाखेच्या तबकड्या अडगळीत गेल्या होत्या. त्यांच्या जागी वीस-वीस मिनिटे चालणाऱ्या लांब तबकड्या, आणि मग फिती आल्या. कुमारांचे गाणे या दोहोंवर भरपूर उतरले. लहानपणी तीन मिनिटांच्या तबकड्यांनी ज्याला गाणे दिले, त्याच्या तबकड्या ऐकून आता दुसरी लहान मुले गळा फिरवू लागली; आणि त्यांतही नक्कल करणारे पुष्कळ निघाले.

१२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथे कुमार गंधर्व यांचे देहावसान झाले. ‘अनुपरागविलास’चा दुसरा भाग त्यांच्या मागे, १९९३ मध्ये, छापून बाहेर पडला.